लोडवाले नाना

नागापुरात ‘लोड घेऊ नको’ हे वाक्य कोण म्हणत नाही? बारावीला गचकलेल्या पोराला मित्र म्हणतात, टेम्पोचा हप्ता थकलेल्याला शेजारी म्हणतात, सुपरवायझरने झापलेल्या हेल्परला त्याच्याआधी झापला गेलेला हेल्पर म्हणतो. फक्त नाना त्यावर विचारतात, “किती किलोवॅटचा?”

हा विनोद नसतो. त्यांना खरोखर आकडा हवा असतो.

नाना इथल्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होते. इलेक्ट्रिकल. रिटायर झाले, शाल-नारळ मिळाला, पण शर्टाच्या खिशातला टेस्टर काही गेला नाही. अशी माणसं कारखान्यांच्या वस्तीतच घडतात. जन्म एका खात्यात काढला की जग त्या खात्याच्या भाषेत दिसू लागतं. आमच्या गल्लीतले टर्नर जावयाबद्दल म्हणतात, “जॉब चकमधे नीट बसला न्हाई.” स्टोअरवाले अण्णा लग्नातला आहेरसुद्धा इश्यू आणि रिसीट करूनच सांगतात. नानांनी मात्र खातं सोडून थेट सिद्धांताला हात घातला. माणसाच्या मनात एक ठरावीक पुरवठा असतो, तो जपून वापरला पाहिजे आणि त्याचा हिशेब ठेवला पाहिजे, असं त्यांचं मत आहे. हिशेब ते ठेवतात.

त्यासाठी कंपनीतलंच एक जुनं, निळ्या पुठ्ठ्याचं लॉगबुक आहे. रकाने आखलेले: तारीख, शिफ्ट, लोड कुठे, किती, शेरा. एका पानावर मी हे वाचलं: ‘फर्स्ट शिफ्ट. दूधवाला. दुधात पाणी. बोललो नाही. बचत.’ खाली: ‘सेकंड शिफ्ट. मेहुण्याचा फोन. प्लॉटचा विषय. ट्रिप झालो.’ ‘किती’च्या रकान्यात कुठे ‘हलका’, कुठे ‘मध्यम’, आणि मेहुण्यासमोर ‘फुल लोड’. पानाच्या तळाशी ‘शिल्लक पुढे नेली’. ही शिल्लक कुठे जाते, असं विचारलं की नाना छातीकडे बोट दाखवतात. तिथे टेस्टर असतो.

या सगळ्याची सुरुवात कंपनीतच झाली. एकदा ताणतणावावर व्याख्यान ठेवलं होतं. वक्ते म्हणाले, मनात ऊर्जा असते, ती इथे दाबली तर तिथे फुटते, असं फ्रॉइडने सांगून ठेवलंय. मागच्या रांगेतून नाना उठले आणि म्हणाले, “सर, एसी का डीसी?” हॉलभर हशा झाला. वक्त्यांनी ‘फार छान प्रश्न’ म्हणत चहाची सुट्टी जाहीर केली.

प्रश्न खरंच छान होता, आणि फ्रॉइडला तो फारसा विनोदी वाटला नसता. 1894 सालच्या एका निबंधात त्याने स्वतःच लिहिलंय की मनाच्या व्यवहारात काहीतरी असं आहे जे वाढतं, घटतं, सरकतं, बाहेर पडतं, आणि आठवणींवर ते पसरतं कसं, तर एखाद्या वस्तूच्या पृष्ठभागावर विजेचा भार पसरावा तसं. पुढच्या वर्षी त्याचा ज्येष्ठ मित्र डॉक्टर ब्रॉयर याने तर त्याच्यासोबत लिहिलेल्या उन्मादावरच्या पुस्तकात मेंदूची तुलना दिव्यांच्या वायरिंगशी केली: सगळीकडे सतत दाब हवा, इन्सुलेशन कमकुवत असेल तिथे करंट फुटणार. व्हिएन्नात तेव्हा विजेचे दिवे नवे होते, आणि फ्रॉइड ज्या ब्र्युके गुरुजींच्या प्रयोगशाळेत शिकला तिथे शरीराचा सगळा कारभार भौतिक आणि रासायनिक शक्तींवर चालतो अशी निष्ठा होती. हेल्महोल्ट्झने 1847 मध्ये ऊर्जा नष्ट होत नाही, रूप बदलते हे मांडलं होतंच. मग माणसाचा राग तेवढा कसा नष्ट होईल?

ही माहिती नानांना त्यांच्या नातीने पुरवली. ती नगरला मानसशास्त्र घेऊन बी. ए. करते आणि तिच्या पुस्तकांचं वाचन ओट्यावर मोठ्याने होतं. 1894 चा तो उतारा वाचताना ती कंसातल्या एका वाक्याशी आली: ही राशी आहे खरी, पण मोजायचं साधन आपल्याकडे नाही. नाना ताडकन उठले.

“बिगरमीटर?”

“तसंच लिहिलंय, नाना.”

“म्हंजी सायबानं आकडा टाकलाय!”

थोडा वेळ येरझाऱ्या घालून ते जरा निवळले. शेतीपंपांना वर्षानुवर्षं मीटर नसतो, पंपाच्या अश्वशक्तीवर बिल येतं, हे त्यांना आठवलं. “माणसाचंबी तसंच धरायचं,” ते म्हणाले. “मेहुणा साडेसात एचपी.”

फ्रॉइडनेही मीटर शोधायचा प्रयत्न करून पाहिला होता. 1895 च्या सप्टेंबरात बर्लिनला मित्र फ्लीसला भेटून परतताना त्याने आगगाडीतच पेन्सिलीने लिहायला घेतलं. मज्जापेशी, त्यांतून वाहणारी एक राशी, तिला अडवणारे अडसर, असा सगळ्या मनाचा नकाशा. वह्या भरून त्या फ्लीसला धाडल्या, आणि दोन महिन्यांच्या आत त्याच फ्लीसला कळवलं की हे सगळं आपण कोणत्या मनःस्थितीत रचलं तेच आता समजत नाही. तो मजकूर त्याच्या हयातीत छापला गेला नाही. 1950 मध्ये, त्याच्या मरणानंतर अकरा वर्षांनी बाहेर आला. नात म्हणाली, त्याने वायरिंग सोडलं. नाना म्हणाले, “सोडलं न्हाई. कन्सील केलं.” मला विचाराल तर फ्रॉइडवरचं याहून नेमकं मत मी ऐकलेलं नाही. पेशी गेल्या, पण करंट, अडथळा, दाब, निचरा ही भाषा त्याच्या लिखाणात भिंतीच्या आतून शेवटपर्यंत फिरत राहिली.

नानांच्या अभ्यासात एकच अडचण आली. ही ऊर्जा मूळ कसली, हे नात सांगेना. पान आलं की ती घसा साफ करून दोन ओळी गाळायची. एक दिवस ती कॉलेजला गेली असताना नानांनी शब्दकोश घेऊन त्या ओळी स्वतः लावल्या. संध्याकाळी ते कुणाशी बोलले नाहीत. लॉगबुकात नुसतं ‘सप्लाय बंद’ लिहिलं. नानींनी विचारलं तर म्हणाले, “तो माणूस आपल्यातला न्हाई.” चार दिवसांनी नातीने दया येऊन फ्रॉइडचा शिष्य युंग काढला. युंगने 1912 च्या पुस्तकात ही ऊर्जा निव्वळ कामवासनेची मानायला नकार दिला आणि तिला सर्वसाधारण मनःशक्ती केलं. मोठं भांडण झालं आणि गुरुशिष्य वेगळे झाले. मोठं भांडण झालं आणि गुरुशिष्य वेगळे झाले. नाना तत्काळ युंगच्या बाजूचे झाले. “युंगसाहेब घरंदाज वाटतो.”

फ्रॉइडवर रुसायचं नानांना तसं कारण नव्हतं. त्यांच्या पिढीतली पोरं ज्या तालमीत घुमली तिथल्या वस्तादांनी हाच हिशेब त्यांना लंगोटासकट दिला होता: शक्ती साठव, खर्चू नकोस, डोक्यात तेज चढेल. र. धों. कर्व्यांनी 1927 पासून 1953 मध्ये मरेपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून सांगितलं की ब्रह्मचर्याने असलं काही साठत नाही. त्यांच्यावर खटले झाले. वस्तादावर कधी झाला नाही.

सिद्धांत खरा उपयोगी पडला तो शटडाऊनच्या दिवशी. नगर शहराचं पाणी मुळा धरणातून येतं, पण वर चढतं ते विजेवर. महावितरणने दुरुस्तीला पुरवठा बंद ठेवला की उपसा बंद, टाक्या रिकाम्या आणि दुसऱ्या दिवशी नळ कोरडे. अशा एका सकाळी गल्लीतल्या चार बाया हंडे घेऊन उभ्या होत्या. महावितरणचा फोन लागत नव्हता, महापालिकेचा लागून कुणी उचलत नव्हतं. तेवढ्यात नाना टेस्टर लावून बाहेर आले. पुढची दहा मिनिटं वीज, पाणी, रस्त्यातले खड्डे आणि कुणाच्या तरी नवऱ्याची नाइट शिफ्ट, सगळ्यांबद्दल नानांना ऐकावं लागलं. नाना हात जोडून उभे होते. आत आल्यावर मात्र चेहरा उजळलेला.

“बघितलं? लोड महावितरणचा. फीडर बंद. मग जवळची चालू लाइन कोणती? मी!”

नात म्हणाली, याला विस्थापन म्हणतात. भावना मूळ ठिकाणाहून सुटते आणि सोयीच्या ठिकाणी जाऊन बसते. नाना म्हणाले, “आमच्यात बॅकफीड म्हनत्यात. आणि मानूस मरतो त्यानं.”

नानींचं या सगळ्यावर मत नाही. त्या दुपारी ओट्यावर गवार निवडत शेजारणीला सुनेचं, नणंदेचं, गॅसच्या भावाचं सगळं सांगून टाकतात आणि रात्री पाठ टेकली की झोपतात. नाना म्हणतात, हिचं अर्थिंग चांगलं आहे. ब्रॉयरच्या पेशंटने, बर्था पापेनहाइमने, 1880 ते 82 च्या उपचारांत हेच शोधून काढलं होतं: बोललं की उतरतं. ती त्याला गमतीने धुराडं झाडणं म्हणायची. नानांना अर्थिंग हा शब्द जास्त पटतो, कारण खड्ड्यात कोळसा आणि मीठ घालून नुसतं भागत नाही, उन्हाळ्यात त्यात पाणी ओतत राहावं लागतं. नानींच्या खड्ड्यात शेजारीण रोज चहा ओतते. नानांचा खड्डा कोरडा. चाळीसेक वर्षांच्या संसारात त्यांनी नानींना मन मोकळं करून सांगितलेली गोष्ट म्हणजे मेन स्विच कुठे आहे ती.

लॉगबुकात एकच जागा कोरी आहे. कंपनीतला जुना डीजी सेट भंगारात गेला तेव्हाची. लाइट गेली की तो सुरू करायचा, ही नानांची जबाबदारी होती. थंडीत तो पहिल्या क्रँकला उचलायचा नाही, नाना त्याच्याशी काहीतरी पुटपुटायचे आणि मग तो उचलायचा. भंगारवाल्याचा ट्रक मनमाड रोडला लागेपर्यंत ते गेटवर उभे होते. नंतरही कितीतरी दिवस ते चालायला म्हणून निघायचे आणि त्याच गेटवर जायचे. वॉचमन खुर्ची द्यायचा. नातीने तेव्हा 1917 चा फ्रॉइडचा शोकावरचा निबंध वाचून दाखवला. गेलेल्यावर लावलेली ऊर्जा एकदम काढून घेता येत नाही, एकेक आठवण हातात घेऊन एकेक वायर सोडवावी लागते, आणि यालाच वेळ लागतो. नानांनी ऐकलं. “किती वायरी?” त्यांनी विचारलं. तिने सांगितलं, ते लिहिलेलं नाही. ते पान तसंच ठेवून नानांनी पुढच्या तारखेपासून लिहायला घेतलं.

पण हिशेब शेवटी नातीनेच बुडवला. आधी तिने मानसशास्त्रज्ञ बाउमाइस्टरचा 1998 चा प्रयोग सांगितला: समोर चॉकलेट-बिस्किटं ठेवून ज्यांना नुसते मुळे खायला लावले, त्यांनी पुढे दिलेलं न सुटणारं कोडं लवकर सोडून दिलं; म्हणजे संयमात शक्ती खर्च झाली. नगरच्या माणसाला मुळा म्हटलं की आधी धरण आठवतं, त्यामुळे पाणीसाठा घटला एवढं नानांना लगेच कळलं आणि ते खूश झाले. मग तिने पुढचं सांगितलं: 2016 मध्ये 23 प्रयोगशाळांनी दोन हजारांवर माणसं घेऊन तशीच चाचणी, वेगळी कामं देऊन, पुन्हा केली आणि परिणाम जवळपास शून्य निघाला. आणि मज्जापेशी काही बाहेरून आलेला करंट पुढे ढकलणारी तार नसते. ती आपला झटका स्वतः तयार करते. रागाची टाकी भरते वगैरे काही नाही.

“मग मेंदू चालतो कशावर?”

“साखरेवर. साधारण वीस वॅट.”

आकडा! नानांनी चष्मा लावला. वीस वॅट, चोवीस तास, म्हणजे 480 वॅटतास, दिवसाला अर्ध्या युनिटला थोडं कमी. महिन्याला 14.4 युनिट. “आणि रागावल्यावर?”

“फारसा फरक नाही. गणित सोडवलंत काय, नुसतं बसलात काय, एकूण खर्च दोन-चार टक्के इकडेतिकडे. शरीराच्या दोन टक्के वजनाचा मेंदू, पण पाचवा हिस्सा खातो, आणि बहुतेक सगळा नुसतं चालू राहायलाच.”

नाना बराच वेळ वीजबिल हातात घेऊन बसले. मग त्यांनी त्यातल्या एका ओळीवर टेस्टर ठेवला. स्थिर आकार. वापरा, न वापरा, भरावाच लागतो.

“म्हंजी इतकी वर्षं मी बचत केली ती…”

“बिलात धरलेली नाही, नाना.”

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या गल्लीला गजर लावावा लागला नाही. नाना फाटकात उभे राहून दूधवाल्याला मागच्या सगळ्या शिफ्टचं, तारीखवार, वहीत बघून सुनावत होते. पाणी, पातळपणा, दिवाळीला मारलेली दांडी, सगळं. दूधवाल्याने कॅन खाली ठेवला, शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाना, तुम्ही कधी बोललाच न्हाई. मला वाटलं, डॉक्टरनं तुम्हाला पातळच सांगितलंय.”