आधी नक्कल, मग फेरफार

‘रजिस्ट्री’ म्हटलं की मराठी माणूस सावध होतो. खरेदीखत, मुद्रांक, साक्षीदार, अंगठ्याचा ठसा, वर वकिलाची फी. दोन गुंठ्यांसाठी आपण सातबाऱ्याच्या पाच झेरॉक्स काढतो: एक घरात, एक वकिलाकडे, एक बहिणीकडे आणि दोन ‘असू द्यात’ म्हणून. हाच माणूस कॉम्प्युटरची रजिस्ट्री उघडतो तेव्हा मात्र यूट्यूबवर कुणीतरी सांगितलंय, एवढ्या भांडवलावर आत शिरतो. झेरॉक्स? ती कशाला?

परवा आमचा भाचा आला. माझ्या लॅपटॉपवर मेनूवर बाण नेला की आतला मेनू उघडायला जरा वेळ लागतो, हे त्याला खुपलं. ‘मामा, चारशे मिलिसेकंद! कसा जगतोस तू?’

आयुष्यातले कित्येक दिवस मी रांगेत काढलेत. पाव-अर्ध्या सेकंदाचं दुःख मला कधी जाणवलं नव्हतं. पण ‘तू जरा सरक’ म्हणत त्यानं विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबली, ‘रेजएडिट’ टाइप केलं. विंडोजनं रीतसर विचारलं, या अ‍ॅपला बदल करू द्यायचे का? त्यानं ‘येस’ दाबलं. सोसायटीच्या सभेत मागच्या इतिवृत्ताला ‘मंजूर, मंजूर’ म्हणतात ना, तितक्याच विचारानं.

आता हे रजिस्ट्रीचं दप्तर आहे काय? विंडोजच्या गावचा तलाठी जे काही लिहून ठेवतो, ते सगळं इथं असतं. कोणती फाइल कोणत्या प्रोग्रॅमात उघडायची, मशीन सुरू होताच कोणी कोणी उठायचं, कीबोर्ड कोणत्या भाषेचा, सगळं. पूर्वी प्रत्येक प्रोग्रॅम आपापली आयएनआय नावाची चिठ्ठी बाळगायचा. १९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री लहानशी होती. विंडोज ९५ पासून तिनं सगळा कारभार हातात घेतला. डावीकडे पाच मोठे कप्पे दिसतात, पण आपल्याला दोनच ओळखता आले तरी पुरे. ‘एचकी करंट युजर’ म्हणजे तुमचा फ्लॅट आणि ‘एचकी लोकल मशीन’ म्हणजे अख्खी बिल्डिंग. पहिल्यात चुकलात तर तुमचंच छत गळेल. दुसऱ्यात चुकलात तर पाण्याची टाकीच फुटेल.

या दप्तराच्या फायलींना मायक्रोसॉफ्ट ‘हाइव्ह’ म्हणते, म्हणजे मधमाश्यांचं पोळं. तिथले जुने प्रोग्रॅमर रेमंड चेन यांनी याची गोष्ट सांगितली आहे. विंडोज एनटी बनवणाऱ्या चमूत एकाला मधमाश्यांचा भारी तिटकारा होता, म्हणून दुसऱ्यानं मुद्दाम जिथं तिथं मधमाश्या घुसवल्या. थट्टेत ठेवलेलं नाव टिकलं, कारण ते खरं निघालं. मोहोळात हात घालण्याआधी आपल्याकडे निदान धूर तरी करतात.

कारण रेजएडिटमध्ये ‘सेव्ह’ नाही आणि ‘अनडू’ही नाही. ओके दाबलं की नोंद पक्की. गावच्या फेरफाराला सुद्धा नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस मिळतात, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतो. इथं तुम्हीच अर्जदार, तुम्हीच तलाठी, तुम्हीच मंडळ अधिकारी. हरकत घ्यायला कुणी नाही. हरकत घेतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी सुरूच न होणारा कॉम्प्युटर.

भाचा ‘कंट्रोल पॅनल’मधल्या ‘डेस्कटॉप’कडे निघाला होता, पण घसरून ‘कीबोर्ड लेआउट’मध्ये पोचला. तिथं ‘प्रीलोड’ उघडलं आणि ओरडला, ‘मामा, हे बघ! ०००००४४ई! काहीतरी व्हायरस दिसतोय. उडवू?’

मी त्याचा हात धरला. ‘अरे, ती मराठी आहे.’

थट्टा नाही. विंडोजच्या वहीत प्रत्येक भाषेला क्रमांक असतो आणि मराठीचा ०४४ई. हिंदीचा ०४३९. मराठी कीबोर्ड लावलेल्या मशीनवर ही नोंद म्हणजे आपल्या भाषेचा सातबारा. अभिजात दर्जाची आपण इतकी वर्षं वाट पाहिली. ही नोंद व्हायरस समजून पुसायला एक डिलीट बटण पुरलं असतं. न कळणारी नोंद म्हणजे कचरा नव्हे, हा रजिस्ट्रीचा पहिला धडा.

दुसरा धडा नकलेचा. ज्या कप्प्यात हात घालायचा त्यावर उजवी क्लिक, ‘एक्सपोर्ट’, नाव द्या, तारीख घाला, सेव्ह. एक रेज फाइल तयार होते. ती साधी मजकुराची फाइल असते, नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. बिघडलं तर तिच्यावर डबल क्लिक केलं की जुन्या नोंदी जुन्या जागी येतात.

पण या नकलेलाही मर्यादा आहेत, आणि यूट्यूबवरचे गुरुजी नेमके त्याच गाळतात. नक्कल परत आणली की बदललेलं आणि पुसलेलं पूर्ववत होतं. मधल्या काळात कुणी नवीन कूळ घुसवलं असेल तर ते मात्र जागचं हलत नाही. तुम्ही भरलेली नवी नोंद तुम्हालाच काढावी लागते. शिवाय विंडोज सुरूच झालं नाही तर डेस्कटॉपवरच्या फाइलीवर डबल क्लिक कोण करणार? म्हणून मोठ्या कामाआधी ‘रिस्टोअर पॉइंट’ करून ठेवायचा. मशीन अडलं तरी दुरुस्तीच्या निळ्या पडद्यावरून त्याच्यापर्यंत पोचता येतं आणि त्यात तुमचे फोटो-कागद हलत नाहीत. मात्र ‘सिस्टम प्रोटेक्शन’ चालू आहे का, ते आधी पाहा. पुष्कळ मशीनवर ते बंदच असतं.

‘पण विंडोज स्वतःच नक्कल ठेवत असेल ना?’ भाच्यानं विचारलं. ठेवायचं. ‘रेजबॅक’ नावाच्या फोल्डरात. २०१८ मध्ये विंडोज १० च्या १८०३ या आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टनं ते बंद केलं. कारण काय, तर डिस्कवरची जागा वाचवायची. एका लग्नाच्या व्हिडिओहून लहान असलेल्या दप्तरासाठी ही काटकसर! गंमत पुढेच आहे. फोल्डर तसंच राहिलं, आत फायलींची नावंही तशीच, फक्त प्रत्येकीचा आकार शून्य केबी. कपाट आहे, फाइल आहे, फाइलवर नाव आहे, आत कागद नाही. मायक्रोसॉफ्टनं हे आपल्या सरकारी कचेरीत येऊन शिकून घेतलं असावं. आणि ही नक्कल पुन्हा सुरू करायची असेल तर? रजिस्ट्रीत जाऊन ‘एनेबल पीरिऑडिक बॅकअप’ अशी नोंद करायची आणि तिची किंमत एक ठेवायची. म्हणजे दप्तराची नक्कल हवी असेल तर आधी नकलेशिवाय दप्तरात फेरफार करा!

मोहोळाभोवती वैदूही घोटाळतातच. ‘रजिस्ट्री क्लीनर’ नावाचे प्रोग्रॅम फुकटात तपासणी करतात, हजारो ‘चुका’ लाल अक्षरांत दाखवतात आणि दुरुस्तीचे पैसे मागतात. आजार सांगणारा आणि औषध विकणारा एकच. नव्वदच्या दशकात मायक्रोसॉफ्टनं स्वतःच ‘रेजक्लीन’ काढलं होतं, पुढे मागे घेतलं. आज ती असल्या सफाईचं समर्थन करत नाही. स्वतःचं पोट बिघडल्यावर आलेलं हे शहाणपण आहे, तेवढं फुकट घ्या.

तसंच अनोळखी माणसानं पाठवलेल्या रेज फाइलचं. डबल क्लिक म्हणजे कोऱ्या कागदावर अंगठा. आधी नोटपॅडमध्ये उघडा. चौकटी कंसात नावाआधी वजा चिन्ह दिसलं तर तो अख्खा कप्पा पुसला जाणार, हे समजा. आकडा भरतानाही डोळे उघडे ठेवा. ‘डीवर्ड’ नोंदीची चौकट मुळात ‘हेक्साडेसिमल’वर असते, तुम्ही दहा लिहिता, तलाठी सोळा समजतो.

एवढं सगळं ऐकवून मी भाच्याकडून आधी ‘डेस्कटॉप’ कप्प्याची नक्कल काढून घेतली, पेनड्राइव्हवर ठेवली आणि फाइलचा आकार शून्य नाही याची खात्री केली. मग ‘मेनू शो डिले’ उघडून चारशेचे शंभर केले. साइन आउट, साइन इन. मेनू पटकन उघडला, मराठी जागेवर होती, भाच्याचा चेहरा मात्र पडलेला. पाच मिनिटांचं काम अर्ध्या तासावर गेल्यामुळे.

हिशेब असा. नक्कल काढायला बारा सेकंद लागले. मेनूमागे तीनशे मिलिसेकंद वाचतात. म्हणजे चाळीस वेळा मेनू उघडला की नकलेचा खर्च वसूल. डिजिटल सहीच्या सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. ही नक्कल फुकट मिळते, आणि म्हणूनच कुणी काढत नाही.