धूर नाही, धुकं

न्यू जर्सीत चार मराठी घरं एका रस्त्यावर आली की पाचवी गोष्ट आपोआप उगवते, ती म्हणजे पंचवाले काका. आमच्या घोळक्यात कामं कोणी वाटून देत नाही, ती ज्याच्या त्याच्या अंगाला आधीच चिकटलेली असतात. एक जण स्पीकर आणतो आणि त्याची वायर घरी विसरतो. एक वहिनी "मी काय आणू?" एवढंच विचारायला तीनदा फोन करतात आणि चिप्स आणतात. आणि ऑक्टोबर लागला, पायऱ्यांवर भोपळे बसले, लोकांच्या हिरवळीवर प्लॅस्टिकचे सांगाडे उगवले, की हॅलोवीनच्या पार्टीतल्या बिनदारूच्या पेयाचं खातं न मागता ज्यांच्याकडे जातं, ते हे काका.

ओळखायला सोपे. साठीच्या अलीकडे-पलीकडे. उमेदीची वर्षं पाइपलाइनींचे दाब मोजण्यात गेलेली. बाकी सगळे भुताखेतांच्या वेशात येतात, हे इस्त्रीच्या शर्टावर स्वेटर घालून येतात आणि कोणी छेडलंच तर "मी सेफ्टी ऑफिसर झालोय" म्हणतात. दारूला आयुष्यात शिवलेले नाहीत, आणि हीच त्यांची पात्रता. पिणाऱ्याला या खात्यात रस नसतो. दुसऱ्याच्या बाळाकडे पाहावं तसं तो पंचाच्या भांड्याकडे कौतुकाने पाहतो, "छान, छान" म्हणतो आणि यजमानांच्या गॅरेजकडे सरकतो. गॅरेजमध्ये दुसरा कूलर असतो. त्याचा काकूमंडळाला पत्ता नाही, असं सगळ्यांनी मिळून ठरवलेलं आहे. काकूमंडळानेसुद्धा.

काकांचं पहिलं वाक्य दरवर्षी तेच असतं. "पंच हा शब्द आपला आहे, बरं का." मग सतरावं शतक येतं. ईस्ट इंडिया कंपनीची माणसं हिंदुस्थानात आली, तिथली अरक त्यांच्या घशाखाली उतरली. अरक, साखर, लिंबू, पाणी आणि मसाला, असे पाच जिन्नस, म्हणून पंच. १६३२ सालच्या एका पत्रात म्हणे हा शब्द सापडतो. या व्युत्पत्तीवर सगळे पंडित सही करत नाहीत, पण काकांनी केलेली आहे. एकदा मी म्हटलं, "पण काका, अरक तर तुम्ही काढून टाकता. मग उरले चारच." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "मग चांडाळचौकडी म्हण," ते म्हणाले, "भुतांच्या पार्टीला ते जास्त शोभतं."

काकांच्या भांड्यासमोर दोन जातींची माणसं येतात. आत काही असेल या भीतीने आलेली, आणि आत काही नसेल या भीतीने आलेली. प्रश्न दोघांचा अक्षरशः एकच, "काका, ह्यात काही आहे का?" काकांचं उत्तरही दोघांना एकच, रबरी शिक्का मारल्यासारखं, "काहीही नाही." पहिला निवांत पेला भरतो. दुसरा गॅरेजचा रस्ता धरतो.

हे "काहीही नाही" वाटतं तितकं स्वस्तात मिळत नाही. त्यासाठी काका दुकानात पाऊण तास लेबलं वाचत उभे असतात. अमेरिकेत नवीन असताना ॲपल सायडरची बाटली त्यांनी साप हातात आल्यासारखी परत ठेवली होती. सायडर म्हणजे दारूच, हे ते इंग्रजी कादंबऱ्यांतून शिकलेले. इथे सायडर म्हणजे ऑक्टोबरात मिळणारा सफरचंदाचा गढूळ, न गाळलेला रस, आणि चढणाऱ्याला 'हार्ड' म्हणतात, हे कळायला दोन हॅलोवीन गेले. पुढे एका वर्षी पंचात थोडा व्हॅनिलाचा अर्क घालावा असं काकूंनी सुचवलं. काकांनी स्वयंपाकघराच्या दिव्याखाली ती बोटभर बाटली धरली, भिंग आणलं आणि मटकन बसले. अर्कात पस्तीस टक्के अल्कोहोल. इथल्या नियमानुसार त्याहून कमी असेल तर त्याला व्हॅनिला अर्क म्हणताच येत नाही. म्हणजे वीस वर्षं संकष्टी सोडून बाकी सगळ्या दिवशी काकू ज्या हाताने केक करत होत्या... "अहो, चमचाभर घालते, आणि ओव्हनमध्ये उडून जातं ते," काकू म्हणाल्या. काका त्या रात्री जेवले, पण केकला त्यांनी हात लावला नाही.

मापाच्या बाबतीत हा माणूस निष्ठुर आहे. पन्नास माणसं, माणशी दोन पेले, पेला दोनशे चाळीस मिलिलिटरचा, म्हणजे चोवीस लिटर. कोणी दोन पेले पीत नाही हे त्यांना अनुभवाने माहीत आहे, पण अनुभव हे काही माप नव्हे. त्यामुळे दर वर्षी सतरा-अठरा लिटर उरतं आणि निघताना प्रत्येकाच्या हातात दह्याच्या रिकाम्या डब्यातून लालभडक काहीतरी दिलं जातं. ते आठवडाभर आमच्या फ्रिजमध्ये आमच्याकडे बघत बसतं.

आणखी एक गोष्ट महत्त्वाची, कारण पुढचा सगळा घोटाळा तिच्यापायी झाला. काकांना मधुमेह आहे. स्वतःचा पंच ते कधीही चाखत नाहीत.

आता सजावटीकडे येऊ. डब्यातल्या बी काढलेल्या लिचीत एकेक ब्लूबेरी बसवली की हुबेहूब डोळे होतात. काका शनिवारची दुपार असे साठ डोळे करण्यात घालवतात आणि ज्यांची बुबुळं नीट बसली नाहीत ते नातवाला देतात. मात्र चार वर्षांखालच्या मुलाला डोळा मिळत नाही, घशात अडकेल म्हणून. त्याला मिळतो चिरलेला डोळा. मग हात. रबरी हातमोजा धुऊन त्यात लाल रस भरायचा, मनगटाशी गाठ मारायची आणि रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवायचा. खवलेल्या नारळाची पाकिटं आणि फ्रोझन पराठे यांच्या मधोमध हा हात पालथा पडलेला असतो. पहिल्या वर्षी काकू रात्री वाटणासाठी नारळ काढायला गेल्या आणि त्यांनी तो हात उचलून बाजूला ठेवला. किंचाळल्या नाहीत. सकाळी म्हणाल्या, "तुमचं ते काय ते डाव्या कप्प्यात आहे." मोजा सोलताना बोटं तुटतात, दर वर्षी. तीन बोटांचा हात पंचात तरंगत सोडून काका म्हणतात, "भुताला पाच बोटं असतात असं कुठे लिहून ठेवलंय?"

आणि शेवटी ड्राय आइस. ही काकांची काशी. घट्ट गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, उणे अठ्ठ्याहत्तर पूर्णांक पाच सेल्सियस, वितळत नाही, सरळ वायू होतो. आदल्या दिवशी आणून चालत नाही, उडून जातो. हवाबंद डब्यात ठेवून चालत नाही, डबा फुटतो. आणि बंद गाडीतून आणून तर मुळीच चालत नाही, कारण तो वायू गाडीत साठला तर चालकाचंच भूत व्हायचं. म्हणून ऑक्टोबर संपतानाच्या थंडीत काका गाडीच्या चारही काचा खाली करून येतात. शेजारी काकू, कानटोपी, त्यावर शाल, त्यावर काकांचं जॅकेट, नुसते डोळे उघडे. त्या अवतारात सिग्नलला थांबल्या की बाजूच्या गाडीतली मुलं टाळ्या वाजवतात. पार्टीतलं बक्षीस खरं म्हणजे काकूंना मिळायला हवं.

ड्राय आइस पेयात टाकायचा नाही, पेल्यात तुकडा गेला तर तोंड आणि घसा भाजेल. म्हणून काकांनी दोन भांड्यांची युक्ती काढली आहे. बाहेरच्या मोठ्या परातीत कोमट पाणी आणि ड्राय आइस, आतल्या भांड्यात पंच. पांढरे लोट उसळतात, टेबलावरून ओघळून गालिच्यावर उतरतात, मुलं "स्मोक! स्मोक!" ओरडत गोळा होतात, आणि काका हातात वेल्डिंगवाल्यासारखे जाड मोजे घालून त्यांना फूटपट्टीभर अंतरावर थोपवतात. "धूर नाही, धुकं. पाण्याची वाफ गारठून दिसते ती. धूर म्हणायचं नाही." घरभर सांगाडे, चेटकिणी, कवट्या लटकलेल्या असतात आणि एकही माणूस घाबरलेला नसतो. घाबरलेले असतात एकटे काका. डोळा कोणाच्या घशात जाईल, कोण कोपर लावेल, कुठलं पोर परातीत बोट बुडवेल, या विचाराने त्यांच्या कपाळावर दवबिंदू जमलेले असतात. तेही धुकंच.

२०२४ साली नरकचतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी आले, ३१ ऑक्टोबरला. पहाटे अभ्यंगस्नान करून, कारीट कुठून मिळणार म्हणून चेरी टोमॅटो अंगठ्याखाली चिरडून नरकासुराचा वध करायचा आणि संध्याकाळी दारात येणाऱ्या छोट्या राक्षसांना चॉकलेट वाटायची, असा दिवस. या योगाने काकांच्या अंगात स्वदेशी संचारली. दर वर्षी लाल रंगासाठी क्रॅनबेरीचा रस असे, क्रॅनबेरी तर न्यू जर्सीतच पिकते. पण त्या वर्षी कोकम! धाकटे भाऊ सप्टेंबरात कुडाळहून दोन बाटल्या घेऊन आले होते, तीन प्लॅस्टिकच्या पिशव्यांत, चार सदऱ्यांत गुंडाळून. वाटेत थोडं पाझरलं आणि लेबलाचा लगदा झाला. पाटीवर मुलं 'विचेस ब्रू' लिहीत होती, तेही काकांनी बदलून 'चेटकिणीचा काढा' करायला लावलं. निम्मी माणसं ते वाचून लांबूनच म्हणाली, "नको, मला खोकला नाही."

त्या वर्षी हात गोठला नाही. सकाळी मोजा सोलला तर बोटं लिबलिबीत. काकांनी फ्रीझरला दोष दिला, त्याचा पारा तपासला, दार घट्ट बसत नाही अशी नोंद केली. इतकी वर्षं द्रवांशी संसार केलेल्या माणसाला, पाण्यात भरपूर मीठ असलं की ते लवकर गोठत नाही, हे त्या दिवशी सुचलं नाही. कारण त्या बाटल्यांत अमृत कोकम नव्हतं. आगळ होतं. सोलकढीचं, चांगलं खारट.

सफरचंदाचा रस, आगळ आणि वरून जिंजर एल, असे चोवीस लिटर. पहिला पेला रत्नागिरीहून मुलाकडे आलेल्या आजींना दिला. त्या सोफ्यावर शाल पांघरून बसल्या होत्या आणि इथली भुतं दारात येऊन गोळ्या मागतात याबद्दल त्यांचं मत बरं नव्हतं. "आमचा मुंजा कधी पिंपळ सोडून खाली उतरला नाही," असं त्या नुकतंच म्हणाल्या होत्या. आजींनी घोट घेतला, जिभेवर फिरवला, गिळला. "गोड आहे, खारट आहे," त्या म्हणाल्या, "जलसंजीवनी केलीस होय रे? कोणाचं पोट बिघडलंय?"

काकांचा चेहरा त्या धुक्याहून पांढरा झाला. काकू पुढे झाल्या, बोट बुडवून चाखलं आणि हळूच म्हणाल्या, "अहो, आता गप्प बसा." मुलांना तसंही काही प्यायचं नव्हतं. त्यांना नुसतं धुकं हवं होतं.

पण गॅरेजमधून एक जण बर्फ मागायला आत आला. त्याने सौजन्य म्हणून अर्धा पेला घेतला, थांबला आणि पेल्याकडे रोखून पाहिलं. मीठ, आंबट, फसफस आणि मागे काहीतरी ओळखीचं. मार्गारिटाच्या पेल्याला काठावर मीठ लावतात हे त्याला माहीत होतं, काकांना नव्हतं. तो परत गेला आणि दोन मिनिटांत गॅरेज रिकामं होऊन पंचाभोवती रांग लागली. "काका, ह्यात काही आहे का?" "काहीही नाही," काका म्हणाले. पण या वर्षी शिक्क्याचा आवाज जरा कापत होता, आणि तेवढं पुरेसं झालं. ड्रॅक्युला झालेल्या एका बँकवाल्याने तीन पेले घेतले आणि काकांच्या गळ्यात पडून "तुम्ही आमचे खरे" एवढंच म्हणाला. एकाने गाडीची किल्ली बायकोच्या हवाली केली. सव्वा तासात चोवीस लिटरचं भांडं कोरडं पडलं, तळाशी नुसते डोळे. बाहेरच्या परातीत मात्र लोट उसळतच होते.

दुसऱ्या दिवशी लक्ष्मीपूजनाच्या शुभेच्छा द्यायला त्या ड्रॅक्युलाचा फोन आला. मी काकांकडेच फराळाला बसलो होतो. काकांनी फोन स्पीकरवर टाकला.

"काका, आता तरी सांगा. काय घातलं होतंत?"

"मीठ," काका म्हणाले. "आमच्या कोकमाच्या बाटलीत मीठ होतं."

पलीकडून बराच वेळ हसण्याचा आवाज. "बरं बरं, कोकमाची बाटली. आणली कुठून?"

"कुडाळहून."

पलीकडे क्षणभर शांतता. मग आदराने खाली आलेला आवाज, "काजूची का हो?"