टर्मिनलराव

टर्मिनलरावांना हिशेब विचारू नये. उत्तर मिळतं, पण त्याआधी ‘कशात?’ हा प्रश्न येतो. बांधकामावर ‘दोन ब्रास वाळू आली हो’ अशी हाक आली, की हे लॅपटॉप उघडणार, काळ्या खिडकीत ‘युनिट्स’ हा मापं बदलून देणारा प्रोग्राम चालू करणार आणि ब्रास म्हणजे शंभर घनफूट, तेव्हा वाळू 5.66 घनमीटर, असं जाहीर करणार. तोवर ट्रकवाला पैसे घेऊन गेलेला असतो आणि वाळू दीड ब्रासच निघते.

रंगीत बटणांचे कॅल्क्युलेटर त्यांच्या मते बाळगोपाळांसाठी. खरं गणित ‘बीसी’त, नाहीतर ‘डीसी’त. डीसी हे युनिक्सवरचं फार जुनं बिऱ्हाड, सी भाषेच्याही आधीचं. त्यात आकडे आधी द्यायचे आणि बेरजेची खूण शेवटी. ‘दोनात तीन मिळव. क्रियापद शेवटी! अरे, हे मराठीच आहे!’ इतका भाषाभिमान मी साहित्य संमेलनातही पाहिलेला नाही.

घरातल्या प्रत्येक खर्चाला आणि नातेवाइकाला त्यांच्याकडे व्हेरिएबल आहे. महाबळेश्वरच्या सहलीचा हिशेब बीसीत मांडला, तेव्हा सातला दोनने भागून तीनच आले, कारण तिथे स्केल, म्हणजे दशांशचिन्हापुढची घरं, मुळात शून्य असतं. मग ‘उणे एल’ लावलं, तर माणशी वर्गणी दशांशचिन्हापुढे वीस घरं चालत गेली. शेवटी मेव्हण्याच्या नावातलं एक अक्षर चुकलं. बीसी अशा वेळी बोंब मारत नाही, अनोळखी व्हेरिएबलची किंमत गुपचूप शून्य धरतं. मेव्हण्याला ते सॉफ्टवेअर फार आवडलं.

एकदा मुलाला शंभर ताप होता. यांनी फॅरनहाइटचं सेल्सिअस मागितलं आणि 55.56 हा आकडा आला! चूक युनिट्सची नव्हती. ‘डेगएफ’ लिहिलं की ते तापमानातला फरक मोजतं. प्रत्यक्ष तापमानाला ‘टेम्पएफ’ लागतं. ते सापडून 37.78 मिळेपर्यंत वहिनींनी पोराला गोळी देऊन झोपवलंही होतं.

वहिनी काही बोलल्या की मंगळपुराण सुरू. 1999 साली नासाचं यान मंगळाशी पोचताना गमावलं गेलं, कारण जमिनीवरच्या एका प्रोग्रामने पौंडांत दिलेले आकडे दुसऱ्याने न्यूटनमध्ये धरले. ‘अहो, पण मी पोह्यांत मीठ घालतेय,’ वहिनी म्हणतात. तरी रावांनी युनिट्सच्या खासगी यादीत गुंठ्याशेजारी ‘वाटी’ची व्याख्या घातलीच. घरात वाट्या तीन मापांच्या आहेत, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.

एकदा मात्र अख्खं घर त्यांच्याभोवती गोळा झालं. आजीच्या पाच तोळ्यांच्या पाटल्या थोरल्या भावाने अडचणीत मोडल्या होत्या आणि आता तो पन्नास ग्रॅम सोनं परत करत होता. ‘कुठला तोळा?’ रावांनी विचारलं. सराफ हल्ली दहा ग्रॅमचा धरतात, आजीच्या काळचा 11.66 ग्रॅमचा. दोन ओळी टाइप झाल्या: 58.32 ग्रॅम. दोघी धाकट्या जावांनी त्यांना पहिल्यांदाच आपणहून चहा दिला, वर लाडूही. थोरल्याचा चेहरा उतरला. ‘अरे, आठ ग्रॅम तरी पक्के धर, वरचं सोड की!’

राव बोटं मोडत म्हणाले, ‘दादा, स्केल किती ठेवू?’