लॉकरवाला मामा

माझ्या मामाच्या घरी कपाटातल्या पुस्तकाला हात लावण्याआधी विचारावं लागतं, "मामा, हे वाचायचंय की उघडायचंय?" कारण त्या कपाटात दोन्ही जाती शेजारी शेजारी उभ्या असतात. बाहेरून सगळी सारखीच सभ्य, पाठीवर सोनेरी अक्षरं, पुठ्ठ्यावर कापड. पण वाळवीने, कसरीने, पावसाने किंवा भाचरांनी निकामी केलेला ग्रंथ मामाच्या हाती लागला, की थोड्याच दिवसांत त्याच्या पोटात चौकोनी खड्डा पडतो, खड्ड्याला मखमल लागते आणि घरातल्या कुणाचा तरी दुधाचा दात तिथे कायमचा राहायला जातो.

टाकाऊतून टिकाऊ करणारी माणसं आपल्याकडे काही कमी नाहीत. जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवणाऱ्या आज्या, फुटक्या बादलीत तुळस लावणारे काका, सायकलच्या ट्यूबचे रबरबँड कापून ठेवणारे शेजारी. मामा याच कुळातला. फक्त त्याच्या कलेला 'गुप्त' हा एक जादा शब्द चिकटलेला आहे. "गुप्त कप्पा आहे हं, कुणाला बोलू नकोस," असं तो आवाज खाली आणून सांगतो. आजवर त्याने हे दूधवाल्याला, इस्त्रीवाल्याला, मीटर बघायला आलेल्या माणसाला आणि एकदा चुकून लागलेल्या फोनवरच्या बाईंनाही सांगितलेलं आहे. सोसायटीत ज्याला त्या कप्प्यांबद्दल माहीत नाही असा माणूस उरलाच असेल, तर तो नुकता भाड्याने राहायला आलेला असणार.

हे वेड कुठून आलं, याबद्दल माझं एक मत आहे. मामा बँकेत होता आणि नोकरीचा बराच काळ त्याने लॉकरच्या खोलीत काढला. लॉकर दोन किल्ल्यांशिवाय उघडत नाही. एक बँकेची, एक खातेदाराची. बँकेची किल्ली मामाने फिरवायची, मग खातेदाराने आपली लावायची, आणि दार उघडायच्या नेमक्या क्षणी मामाने पाठ फिरवून बाहेर यायचं. आयुष्यभर तिकिटं फाडायची आणि पिक्चर सुरू झाला की बाहेर उभं राहायचं, तसं. किती बायका आत रडून बाहेर आल्या, किती पुरुष खूश होऊन आले, पण आत काय होतं ते मामाला कधीच कळलं नाही. निवृत्त झाल्यावर त्याने स्वतःचे लॉकर काढले. पाठ फिरवायचा नियम तेवढा रद्द केला.

बुधवार आणि रविवार हे त्याचे खरेदीचे वार, कारण पुण्याचा जुना बाजार त्या दिवशी भरतो. मामा तिथे पुस्तकाचं नाव बघतच नाही. आधी पुठ्ठा वाजवून बघतो, मग मधोमध उघडून शिवणीचा दोरा दिसतो का ते पाहतो. जुजबांधणीचं असेल तर पुढची बोलणी. पाठीला नुसता डिंक फासलेली हल्लीची पुस्तकं त्याला चालत नाहीत. कटर लागला की पत्त्यांसारखी सुटतात, म्हणतो. चारशे पानांच्या खालचं घेत नाही, कारण आत मनगटी घड्याळसुद्धा मावत नाही. कथासंग्रह बारीक, दिवाळी अंक त्याहून बारीक, टेलिफोन डिरेक्टरी जाड पण अंगात जीव नाही. त्याच्या मते ईश्वराने याच कामासाठी निर्माण केलेलं पुस्तक म्हणजे आयकर कायद्याचं जुनं पुस्तक. जाडजूड, पक्क्या बांधणीचं आणि कायदा दर अर्थसंकल्पात बदलत असल्याने वर्षभरात निरुपयोगी. शिवाय ते उघडून बघायचा मोह कुणालाच होत नाही. "चोर जरी झाला तरी माणूसच ना तो!" हे त्यावरचं मामाचं भाष्य.

म्हणून कुणी त्याला ग्रंथद्रोही म्हणू नये. त्याचे नियम कडक आहेत. धडधाकट पुस्तकाला कटर लावायचा नाही. पोथीला नाही. लेखकाची सही असेल त्याला नाही, मग ते लेखक कितीही सामान्य असोत. एकदा त्याला रद्दीत केतकरांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचा एक खंड मिळाला. वाळवीने आतून आधीच पोखरलेला, म्हणजे अर्धं काम झालेलं. कित्येक दिवस तो खंड जेवणाच्या टेबलावर होता. मामा कटर उचलायचा, ठेवायचा. शेवटी म्हणाला, "तेवीस खंडांतला एक फाडला, तर उरलेले बावीस रात्री येऊन जाब विचारतील रे." तो खंड अजून तसाच आहे, वाळवीच्या भोकांसकट, आणि घरातलं ते एकमेव पोकळ पुस्तक आहे ज्यात काहीही ठेवलेलं नाही.

कापण्याआधी मामा पुस्तक एकदा पूर्ण वाचतो. "जाताना कुणीतरी वाचलं पाहिजे." त्यामुळे त्याला नको त्या विषयांतलं अफाट ज्ञान आहे. उसावरची कीड, १९७० च्या दशकातले विक्रीकराचे दर, मुंबई इलाख्यातली गावठाणं. लग्नाच्या पंगतीत तो शेजारी बसला की जिलबी येईपर्यंत आपल्याला संपत्ती कर समजलेला असतो. वाचून झालं की पुस्तकाला नमस्कार करतो आणि मग कटरचं पातं पुढे सरकवतो. खंडेनवमीला हाच कटर हळदकुंकू लावून पाटावर ठेवतो आणि दसऱ्याला सरस्वतीपूजनाच्या वेळीही तो तिथून हलत नाही. त्याच पाटावर, त्याच झेंडूच्या माळेखाली, दिवाळीनंतर कापायची पुस्तकंही पूजेला असतात. मामीला हे दृश्य बघवत नाही. "बोकडाला आणि सुरीला एकदम ओवाळणारा माणूस मी जन्मात पाहिला नाही," ती म्हणते.

कृती तो सुगरणीच्या थाटात सांगतो. आधी पुठ्ठा आणि पहिली आठ-दहा पानं बाजूला करायची, मध्ये प्लास्टिकचा कागद घालायचा. फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून तो सरसरीत करायचा आणि उरलेल्या पानांच्या तिन्ही उघड्या कडांना ब्रशने फासायचा. वर मामीचा पाटा ठेवून रात्रभर विसरून जायचं. (त्या दिवशी घरात मिक्सरची चटणी.) सकाळी पानांचा एकसंध ठोकळा झालेला असतो. मग पोलादी पट्टीने कडेपासून दोन सेंटीमीटर सोडून चौकट आखायची आणि कापायला बसायचं. खरी परीक्षा इथे. नवशिका एका दमात पन्नास पानांवर पातं दाबतो, पातं तिरकं जातं आणि खड्डा खाली खाली अरुंद होत जातो. मामा एका वेळी सात-आठ पानं घेतो, पट्टी हलू देत नाही आणि पातं बोथट व्हायच्या आत त्याचं टोक मोडून टाकतो. कोपऱ्यांवर त्याचा फार जीव. कोपरा काटकोनात आला की तो ठोकळा खिडकीकडे धरून एक डोळा मिटून बघतो आणि "वा!" म्हणतो. स्वतःलाच. शेवटी आतल्या भिंतींना पुन्हा फेव्हिकॉल, मागचा पुठ्ठा हा तळ, आणि तळाला मामीच्या ब्लाउजपिसातली मखमल. पूर्वी त्याच्या ओळखीचा एक बाइंडर खळीत मोरचूद घालायचा, कीड लागू नये म्हणून. खळ जाऊन फेव्हिकॉल आला याची मामाला खंत आहे. पण मोरचूद विषारी म्हणून मामीने तो स्वयंपाकघराच्या वाऱ्याला उभा राहू दिला नाही.

पोटातून निघालेली पानंही वाया जात नाहीत. ती सोसायटीतल्या पोरांना मिळतात, आणि पावसाळ्यात आमच्या गेटसमोरून आयकराची कलमं होड्या होऊन वाहत जातात.

मामाच्या ग्रंथालयाच्या कथा पुष्कळ आहेत. ओळखीचे एक निवृत्त गृहस्थ कपाटातून एक जाडजूड चरित्र वाचायला म्हणून घेऊन गेले. मामा नेमका बाहेर गेला होता आणि मामीला ते कोणत्या जातीतलं ते ठाऊक नव्हतं. आत माझ्या आजोबांचं एचएमटी घड्याळ होतं. मामाची झोप उडाली, पण मागायचं कसं? मागितलं तर 'गुप्त' कसलं राहिलं? तीन महिन्यांनी गृहस्थ पुस्तक घेऊन आले, खुर्चीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "उत्तम आहे. मध्यंतरी जरा रेंगाळतं, पण शेवट फार उंचीवर नेलाय." घड्याळ जागच्या जागी होतं.

रद्दीवाल्याला मात्र मामा कधीच फसवू शकला नाही. मामीने एकदा घाईत एक पोकळ शब्दकोश रद्दीच्या गठ्ठ्यात घातला. रद्दीवाल्याने तो हातात घेतला, वरखाली तोलला आणि काटा न लावता परत दिला. "वहिनी, हा आतून खाल्लेला आहे. वजनात नाही बसत." विद्वान फसतात, चोर फसतील, हा माणूस फसत नाही, याचं मामाला इतकं कौतुक वाटलं की त्याने त्याला आत बोलावून सगळं कपाट दाखवलं.

माझ्या मामेबहिणीची गोष्ट जरा महागात पडली. परदेशी निघताना मामाने तिला आठवण म्हणून आजीचा पितळी अडकित्ता दिला, अर्थात पुस्तकात घालून. तिने ते पुस्तक विमानात वाचायचं समजून हातातल्या पिशवीत ठेवलं. विमानतळावरच्या यंत्राच्या पडद्यावर ग्रंथाच्या पोटात पातं दिसलं. पुढचा अर्धा तास ती सुरक्षा अधिकाऱ्यांना सुपारी म्हणजे काय ते समजावत होती. अडकित्ता घरी परत आला, ती एकटी गेली. मामाला फोनवर कळलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "कोपरे बघून काही म्हणाले का ते?"

कोपऱ्यांवरून आठवलं. कुणीतरी त्याला १९९४ चा 'द शॉशँक रिडेम्पशन' दाखवला. त्यात कैदी बायबलच्या पोटात, बरोब्बर हातोडीच्या आकाराचा खड्डा करून हातोडी लपवतो. सगळे सुटकेच्या प्रसंगाने भारावलेले, आणि मामा "मागे घे, मागे घे" करत खड्ड्याच्या कडा तपासत होता. खड्डा 'निर्गम' या भागापासून सुरू होतो हे कळल्यावर मात्र त्याने टाळी दिली. तेव्हापासून तोही पान बघून सुरुवात करतो. बागकामाच्या एका पुस्तकात खतांच्या प्रकरणापासून कापून त्याने मामीची तुटलेली मोत्याची नथ ठेवली. यात काय संगती आहे ते कुणाला विचारायचं धाडस झालेलं नाही.

२०१६ च्या नोव्हेंबरात नोटाबंदी झाली तेव्हा मामाला आठवलं की अडीअडचणीला म्हणून हजाराच्या दोन नोटा एका कप्प्यात ठेवल्या आहेत. कोणत्या, ते आठवेना. सगळं कपाट जमिनीवर आलं. जावळ सापडलं, भोकाचा पैसा सापडला, ब्याण्णव सालची तार सापडली, नोटा नाहीत. बँकेत भरायची मुदत ३० डिसेंबरला संपली, आणि पाडव्याला साफसफाई करताना नोटा आयकराच्याच पुस्तकात मिळाल्या. त्या आता तिथेच असतात. "दहापर्यंत जुन्या नोटा ठेवायला कायद्याची हरकत नाही," असं तो बँकेतल्या आवाजात सांगतो आणि पुस्तक मिटतो.

घरातल्या प्रत्येकाच्या नावाचं एक पुस्तक आहे. माझ्यात माझा पहिला चष्मा आहे, एक काच नसलेला. मामीच्या नावाचंच नाही, कारण तिने एकमेव योग्य पुस्तक देऊ केलेलं नाही. ओगल्यांची 'रुचिरा', पाठ उसवलेली, हळदीच्या बोटांनी पिवळी झालेली, शंकरपाळ्यांचं पान तेलाने पारदर्शक झालेलं. मामा अधूनमधून तिच्याकडे बघून म्हणतो, "शिवण छान टिकली आहे हं." मामी वर न बघता म्हणते, "आधी मला पोखर." पण लग्नाआधी मामाने तिला धाडलेली आंतरदेशीय पत्रं ती त्याच 'रुचिरा'च्या मागच्या पानांत ठेवते, काहीही न कापता. हे मामा सोडून घरात सगळ्यांना माहीत आहे, आणि आजवर कुणीही त्याला सांगितलेलं नाही. घरातला खरोखरीचा गुप्त कप्पा तेवढा एकच.

तर तुमच्या माळ्यावर कसर लागलेलं, पण पुठ्ठा आणि शिवण शाबूत असलेलं काही असेल, तर रद्दीत घालू नका, मामाला द्या. देण्याआधी फक्त पानं नीट झटकून घ्या. जुन्या पुस्तकांत लोक काय काय विसरतात: पिंपळाची जाळी, मोरपीस, उसनवारीच्या चिठ्ठ्या, कधी कधी न पाठवलेली पत्रं. मामा अतिशय प्रामाणिक आहे, सापडेल ते ज्याचं त्याला परत करतो. पण त्याआधी चारचौघांना मोठ्याने वाचून दाखवतो.