कफीलचे अश्रू कोण पुसणार?

आखातातल्या मालकांची बाजू मराठी वृत्तपत्रांत आजवर कुणी मांडलीच नाही. पळून आलेल्या मजुराची कहाणी छापून येते, त्याच्या आईचा फोटो येतो, विमानतळावर पुढारी हार घेऊन उभे राहतात. पण ज्याचा मजूर पळाला, त्या बिचाऱ्या कफीलची विचारपूस करायला कुणाला सवड आहे? ही उणीव आज आम्ही भरून काढत आहोत.

कफील म्हणजे ज्याच्या हमीवर परक्या माणसाला त्या देशात राहता येते, तो. इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, त्याच्या नावाला बांधलेला. या माणसाचे उपकार तरी किती मोजावेत? मोलकरणीचा पासपोर्ट हरवू नये म्हणून तो आपल्या कपाटात कुलूपबंद करतो. डोळे बिघडू नयेत म्हणून तिचा मोबाइल काढून घेतो. बाहेर ऊन फार, म्हणून दाराला बाहेरून कडी घालतो. पैसा हातात आला की खर्च होतो, म्हणून सहा-सहा महिने पगारच देत नाही. इतके करूनही एखाद्या पहाटे ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून खाली उतरते आणि वकिलातीच्या दारात जाऊन बसते! उपकाराची जाण म्हणून राहिलेली नाही.

2018 साली कुवेतमध्ये तर कहर झाला. एका बंद सदनिकेतल्या फ्रीझरमध्ये फिलिपिन्सच्या मोलकरणीचा मृतदेह सापडला. त्यानंतर फिलिपिन्सच्या वकिलातीची माणसे गाड्या घेऊन घरोघरच्या बायकांना सोडवून आणू लागली. यावर कुवेतने त्यांच्या राजदूतालाच देशाबाहेर काढले. सार्वभौमत्वाचा भंग झाला होता ना! एवढे रामायण घडल्यावर मे महिन्यात दोन सार्वभौम राष्ट्रांनी करार केला, की मोलकरणीचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेऊ नये आणि तिचा मोबाइल तिच्याजवळ राहू द्यावा. मोलकरणीच्या मोबाइलसाठी दोन देशांचे परराष्ट्र खाते कामाला लागले, याला म्हणतात मुत्सद्देगिरी.

लागलीच जुलैमध्ये समाजमाध्यमांवरच्या एका कुवेती तारकेला राहवले नाही. कामवालीने पासपोर्ट स्वतःजवळ ठेवायचा, वर आठवड्याला एक सुट्टी घ्यायची, हे तिला काही केल्या पटेना. ती पळून गेली तर माझे पैसे कोण भरून देणार, असा तिचा रोकडा सवाल होता. जगभर गहजब झाला, प्रसाधनांच्या नामांकित कंपनीने तिच्याशी संबंध तोडले. सवाल मात्र अनुत्तरितच राहिला. गिऱ्हाईक म्हणून तिचे हक्क कुणी लक्षातच घेतले नाहीत.

नशीब, की निदान यंत्रणा मालकाच्या पाठीशी आहे. सौदीत तिचे नाव हुरूब, म्हणजे कामगार फरार झाल्याची मालकाने केलेली तक्रार. "कफीलने हुरूब लावला," एवढे फोनवर ऐकले, की महाड-खेडकडच्या घरात पुढचे कुणी विचारत नाही. तक्रारीसाठी पोलीस ठाण्यात हेलपाटे नकोत. घरच्या नोकराबाबत तर सरकारी ॲपवरून कॉफी पिता पिता काम होते. ज्याच्याविरुद्ध तक्रार झाली, त्याला पुष्कळदा पत्ताच नसतो. नाक्यावर शिपायाने इकामा तपासायला घेतला, की मग समजते. तोवर तो बेकायदा झालेला असतो. त्याला कुणी कामावर ठेवायचे नाही, ठेवले तर ठेवणाऱ्याला दंड. शेवटचा मुक्काम तरहील, म्हणजे मायदेशी हाकलण्याआधी डांबून ठेवतात ती जागा. थकलेल्या पगाराचे काय, हे विचारायला मागे कुणी उरत नाही. सगळे कसे नीटनेटके!

या यंत्रणेचा खरा उपयोग माणूस पळाल्यावर होतो, असा कुणाचा समज असेल तर तो भाबडा आहे. पगार मागितला, हुरूब. कामगार न्यायालयाची पायरी चढला, हुरूब. काही जण तर मालकाच्याच आवारात घमेली उचलत असताना फरार झाले. जागच्या जागी इतक्या वेगाने पळणारा धावपटू ऑलिम्पिकलाही मिळायचा नाही.

काही कफील त्याहून दर्दी. ते 'आझाद व्हिसा' विकतात. कागदावर मालक हे, काम मात्र ज्याचे त्याने बाहेर शोधायचे आणि कफीलला ठरलेली रक्कम पोचवत राहायची. हप्ता चुकला, की आझाद माणूस त्याच दिवशी फरार.

सुधारणा होतच नाहीत, असे म्हणणे अन्यायाचे होईल. फुटबॉलचा विश्वचषक तोंडावर आल्यावर कतारने 2020 मध्ये मालकाच्या ना-हरकतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभा दिली. मजुराला फरार ठरवायची मालकाची सोय तेवढी राहू दिली. सौदीने 14 मार्च 2021 पासून तशीच सवलत आणली आणि तिच्यातून घरकामगार, घरचे ड्रायव्हर, माळी, शेतमजूर व मेंढपाळ यांना वगळले. पळून जावेसे ज्यांना सर्वांत जास्त वाटते, नेमके तेच बाहेर. कायदा करणाऱ्यांचा अभ्यास दांडगा होता, यात शंका नाही.

आपले सरकारही मागे नाही. दहावी न झालेला माणूस ठरावीक 18 देशांत कामाला निघाला, तर त्याला 1983 च्या कायद्याप्रमाणे सरकारी परवानगी लागते. हा माणूस लांबूनच ओळखू यावा म्हणून 2018 च्या जानेवारीत त्याला नारिंगी पासपोर्ट द्यायचे ठरले. ओरड झाल्यावर महिनाअखेरीस तो बेत गुंडाळला. नाहीतर एजंटांना गिऱ्हाईक हेरायला केवढी मदत झाली असती! नोंदणीकृत एजंटाने 30,000 रुपये आणि वर जीएसटी, याहून जास्त घेऊ नये, असाही नियम आहे. मुंबईत व्हिसापायी लाख-दीड लाख मोजलेल्या माणसाला तो वाचून दाखवा. बऱ्याच दिवसांनी त्याला हसू येईल. मुंबईत त्याने ड्रायव्हर म्हणून इंग्रजी करारावर सही केलेली असते. तिकडे उतरल्यावर अरबी करारावर अंगठा उमटतो आणि त्याच्या वाट्याला वाळवंटातली उंटांची राखण येते. अरबी कराराची प्रत मागायची नसते. घरी बायकोचे दागिने गहाण, त्यामुळे पळायचीही चोरी.

2024 मध्ये परदेशस्थ भारतीयांनी 129 अब्ज डॉलर मायदेशी धाडले, असा जागतिक बँकेचा अंदाज. जगात आपला पहिला नंबर. प्रवासी भारतीय दिवसाच्या व्यासपीठावर मात्र तरहीलमधून परतलेला मेंढपाळ आम्ही अद्याप पाहिलेला नाही. त्याच्याकडे कोट नसावा.

थट्टा पुरे. आगाऊ रक्कम घेऊन काम सोडणाऱ्या मजुराला तुरुंगात धाडण्याचा कायदा आपल्याकडेही होता. कलकत्ता, मद्रास आणि मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या सोयीसाठी इंग्रजांनी तो 1859 मध्ये केला आणि 1925 मध्ये त्यांनाच तो रद्द करावा लागला. नोकरी सोडणे हा गुन्हा नव्हे, एवढे गोऱ्या साहेबालाही अखेर कळले. घरकामगारांसाठी भारताने 2014 मध्ये सौदीशी करार केला होता, म्हणजे मनात आणले तर बोलणी होतात. आता व्यापारासाठी आखाती देशांशी चर्चा चालते, तेव्हा टेबलावर एवढी अट ठेवा: पगार चुकता केल्याशिवाय आणि कामगाराचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय फरारीची तक्रार नोंदवायची नाही.

ती अट मान्य होईपर्यंत वाचकांनी आपल्यापुरते बघावे. घरातले कुणी निघाले असेल तर एजंटाची नोंदणी सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. व्हिजिट व्हिसावर कामाला पाठवू नका. पासपोर्ट, व्हिसा आणि कराराच्या प्रती घरी ठेवून घ्या. वकिलातीत ओळख पटवायची वेळ आली, तर पहिली गरज त्याच कागदांची पडते.