मु. पो. महाराजपूर

पुण्यात कुणी गाव विचारलं की मी महाराजपूर सांगतो, आणि समोरचा लगेच इतिहासात शिरतो. "म्हणजे शिंद्यांची लढाई झाली तेच ना?" ते ग्वाल्हेरजवळचं. २९ डिसेंबर १८४३ रोजी तिथे शिंद्यांची फौज इंग्रजांशी लढली आणि हरली. आपल्या लोकांना हरलेल्या लढाया तारखेनिशी पाठ असतात, त्यामुळे त्या महाराजपूरला मान आहे. समोरचा पानाचा शौकीन असेल तर तो छतरपूर जिल्ह्यातलं महाराजपूर काढतो, तिथे विड्याच्या पानांचे मळे आहेत. नर्मदा परिक्रमा करून आलेला असेल तर मंडल्यासमोरचं काढतो, बंजर आणि नर्मदेच्या संगमावरचं. आमचं यांतलं एकही नाही. आमचं महाराजपूर जबलपूरचं. कटनीच्या रस्त्याने अधारताल ओलांडलं की लागतं. तिथे लढाई नाही, पान नाही, संगम नाही, आणि नर्मदा शहराच्या पार दुसऱ्या अंगाला.

"मग तिथे आहे काय?"

"आमचं घर."

खरं म्हणजे 'होतं' म्हणायला हवं. पण 'होतं' म्हटलं की लोक चेहरा पाडतात, आणि आम्ही ते चांगल्या भावाने विकलंय.

त्या घराच्या ओसरीवर बसून आमचे आजोबा रोज संध्याकाळी कोकणाची आठवण काढत. माड, सुपारीच्या बागा, भरतीचा आवाज. ऐकणाऱ्याला वाटावं, गृहस्थ परवाच्या गाडीने आलेत. आजोबांनी कोकण पाहिलेलं नव्हतं. समुद्रही नाही. त्यांच्या वडिलांनी पाहिला असावा, पण ते फार कमी बोलत, त्यामुळे आजोबांना वर्णनाला भरपूर मोकळीक मिळाली.

"आपलं घराणं इथे तोफांबरोबर आलं," असं ते सांगत. शेजारपाजारच्या डोळ्यांपुढे भोसल्यांची फौज, भगवा झेंडा आणि घोड्यावर आमचे पणजोबा उभे राहत. आजोबा खोटं बोलत नव्हते. इंग्रजांनी १९०४ मध्ये जबलपूरला गन कॅरेज फॅक्टरी काढली आणि पणजोबा तिच्या हिशेबखात्यात कारकून म्हणून चिकटले. तोफगाड्यांना किती लाकूड लागलं, हे ते लिहून ठेवत. तोफा होत्याच.

इतिहासाच्या बाबतीत मात्र आजोबा काटेकोर. १७८१ मध्ये गढा-मंडला सागरच्या मराठ्यांच्या हाती आलं, १७९८ मध्ये पेशव्यांनी ते नागपूरकर भोसल्यांना दिलं, आणि १८१७ च्या डिसेंबरात इंग्रजांनी जबलपूर घेतलं. म्हणजे भोसल्यांचा इथला अंमल जेमतेम एकोणीस वर्षांचा. आजोबांनी स्वतः त्याच फॅक्टरीत याहून जास्त वर्षं नोकरी केली. पण नोकरीचा विषय घरात फक्त पेन्शनच्या तारखेला निघे, अंमलाचा रोज.

दुसरी जखम १ नोव्हेंबर १९५६ ची. तोवर मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर, सरकारदरबारी हिंदीबरोबर मराठी, सगळं आलबेल. त्या दिवशी नागपूर मुंबई राज्यात गेलं आणि राजधानी भोपाळला गेली. "आम्ही जागचे हललो नाही, महाराष्ट्रच उठून गेला," असं आजोबा म्हणत. या एका बाबतीत मात्र सगळं जबलपूर त्यांच्या बाजूचं होतं. जबलपूरला राजधानी मिळणार असं जबलपूरकरांनी आपापसांत ठरवून टाकलं होतं. मिळालं हायकोर्ट. वर विनोबांनी शहराला 'संस्कारधानी' म्हटलं, आणि तेव्हापासून राजधानी भोपाळकडे नि संस्कार आमच्याकडे अशी वाटणी आहे. चौकात भांडण पेटलं आणि दोन्हीकडच्या आया-बहिणींचा उद्धार सुरू झाला की एखादा म्हातारा हटकून म्हणणार, "अरे बड्डे, संस्कारधानी है!"

कोकणाचा लेखी पुरावा म्हणून आमच्याकडे कुलवृत्तांत होता. जाडजूड, लाल कापडी बांधणीचा. आजोबा तो देवघराशेजारी ठेवत आणि पाहुण्याला सोवळ्याने दाखवत. त्यात आमच्या शाखेविषयी एकच ओळ होती. पणजोबांच्या वडिलांचं नाव, आणि पुढे कंसात : उत्तरेकडे गेले, पुढील माहिती उपलब्ध नाही. ज्या पुस्तकाने आम्हाला बेपत्ता म्हणून नोंदवलं होतं त्याची आमच्या घरी दर दसऱ्याला पूजा व्हायची.

याच शहरात नेपियर टाउनला हरिशंकर परसाई राहत. 'देशबंधु' मध्ये त्यांचं 'पूछिए परसाई से' हे सदर येई, लोक प्रश्न पाठवत, परसाई उत्तरं देत. आजोबांनी एक प्रश्न कार्डावर लिहून ठेवला होता : न पाहिलेल्या गावाची आठवण येते, उपाय काय? कार्ड कधी पेटीत पडलं नाही. उत्तर येईल अशी भीती होती.

जबलपूरची मराठी मंडळी राइट टाउन, नेपियर टाउन, गोलबाजार अशा भागांत. आजोबांनी प्लॉट घेतला तो शहराबाहेर, महाराजपूरला, कारण स्वस्त. नातेवाइकांनी "जंगलात गेले" असं जाहीर केलं. कोकणातून जबलपुरात आणि जबलपुरातून महाराजपुरात, असे आम्ही दोनदा बाहेर पडलेले. मराठी ऐकायची तर दर गुरुवारी टेम्पोत अंग चोरून गोलबाजारच्या दत्तमंदिरापर्यंत जायचं. तिथे आरतीनंतर सगळे शुद्ध मराठीत विचारत, "काय म्हणता? तब्येत बरोबर चालून राहिली ना?"

आमच्या घरात आमसुलं रेशनच्या कायद्याने चालत. मुंबईच्या आत्याकडून वर्षाला एक पुडा येई, आणि आजी तो बरणीत घालून किल्लीच्या कपाटात ठेवी. आमटीला एक आमसूल. पाहुणे आले तर दीड. उरलेलं अर्धं परत बरणीत जाई. सोलकढी हा आमच्याकडे खाण्याचा नव्हे, बोलण्याचा पदार्थ होता.

आणि हे चालू असताना दाराबाहेर काय होतं? मटार. डिसेंबर उजाडला की पनागरकडून गोण्यांनी लादलेल्या गाड्या आमच्या दारावरून शहराकडे जात. आता सरकारने 'एक जिल्हा, एक उत्पादन' म्हणून जबलपूरच्या नावावर मटारच लावलाय, पण आमच्या घराने तो निर्णय फार आधी घेतला होता. सकाळी ऊन ओसरीवर आलं की वर्तमानपत्र पसरायचं आणि झाडून सगळ्यांनी सोलायला बसायचं. मटारची उसळ, मटारभात, मटारच्या करंज्या, पराठे, कचोऱ्या, पोह्यात मटार. सालं शेजारच्या गायीला. ती गाय जानेवारीत आमच्या फाटकाशी येऊन हाका मारी. आजोबा कोवळे दाणे परस्पर तोंडात टाकत आणि भरल्या तोंडाने सांगत, "कोकणात कुळीथ काय सुंदर होतो!"

मटार संपतात तोवर आंब्याला मोहोर येई. त्याच्या आधी, पावसाळा सरता सरता, तळ्यांतले हिरवे शिंगाडे. संध्याकाळी कढईतून निघणारे मुगाचे मंगोडे. आणि कमानिया गेटजवळची बडकुलांची खोव्याची जिलबी. हे कमानिया गेट १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसची आठवण म्हणून उभारलेलं. सुभाषबाबू पट्टाभींना हरवून अध्यक्ष झाले ते हेच अधिवेशन. पण जबलपूरकराला गेट दिसलं की सुभाषबाबूंच्या आधी जिलबी आठवते, हे मी त्यांची क्षमा मागून सांगतो. ही जिलबी काळपट असते. मुंबईच्या आत्याने पहिल्यांदा पाहिली तेव्हा विचारलं, "करपली का रे?" मग एकटीने पाव किलो संपवली आणि जाताना डबा भरून नेला. बदल्यात आमसुलांचा पुडा त्या वर्षी दुप्पट आला. मराठी मुलूख आणि महाकोशल यांच्यात झालेला एवढा न्याय्य तह मला इतिहासात दुसरा सापडलेला नाही.

घराण्याचा वारसा म्हणजे नेमकं काय, याचा निकाल २२ मे १९९७ च्या पहाटे लागला. सव्वाचारच्या सुमारास, अंधारातच, जबलपूरला भूकंप झाला. जुन्या वस्त्यांत घरं पडली, माणसं गेली, शहर पुढे कित्येक रात्री उघड्यावर झोपलं. मदनमहालच्या टेकडीवरची ती एका टोकावर तोललेली शिळा मात्र हलली नाही, हे जबलपूरकर आजही छाती फुगवून सांगतात, जणू रात्रभर तेच तिला धरून उभे होते. महाराजपुरात आमच्या गल्लीचं निभावलं. भिंतींना तडे गेले, सगळे रस्त्यावर आले, आणि कुणी काय उचलून आणलंय ते टॉर्चच्या उजेडात सगळ्यांना दिसलं.

आईने आम्हा भावंडांना आणलं होतं. बाबांनी घराच्या रजिस्ट्रीची फाईल. म्हणजे घर पडलंच तर ते आमचं होतं हे सिद्ध झालं असतं. काकाने टेबलफॅन, मागे वायर फरफटत. आजोबांनी अर्थातच कुलवृत्तांत. दातांची कवळी आत राहिली होती, पण 'पुढील माहिती उपलब्ध नाही' सुखरूप बाहेर आलं होतं.

आणि आजीच्या कडेवर पुरणयंत्र होतं. पितळी, तीन पायांचं, वर फिरवायचा दांडा. तिच्या माहेरचं. एरवी ते फळीवरून काढायला दोन माणसं लागत.

समोरचे चाचा टॉर्च घेऊन जवळ आले. "अम्मा, जो का आय?"

आजी धापा टाकत म्हणाली, "यंत्र है."

पुरणाचा उल्लेख राहून गेला, आणि तोवर चाचा सरकले होते. पाच मिनिटांत गल्लीत खबर पसरली की मराठी अम्मांकडे यंत्र आहे. लोक हळूहळू भोवती जमले. कुणीतरी खाट आणून यंत्र तिच्यावर ठेवलं, सपाटीवर. एका बाईने विचारलं, "अम्मा, फिर आहै का?" आजीला वाटलं, ती वीज परत येईल का म्हणून विचारतेय. तिने दांडा उगाच अर्धा फिरवला, सवयीने, आणि म्हणाली, "अब सुबह तक कुछ नहीं आता. सो जाओ." सगळी गल्ली निर्धास्त झोपली. तेवढा मोठा धक्का पुन्हा आला नाही. पुढचा महिनाभर लोक संध्याकाळी फाटकाशी येऊन विचारत, "अम्मा, यंत्र का कह रओ?" आणि होळीला आम्ही पुरणपोळ्या वाटल्या तेव्हा चाचांनी एक घास खाऊन माझ्या कानात विचारलं, ही वेधशाळेत बनते का.

आजोबा गेल्यावर काही वर्षांनी बाबा निवृत्त झाले आणि सगळं घर पुण्याला हललं. पहिलं काम काय, तर गुहागर. व्याडेश्वर आमचं कुलदैवत. वाडवडिलांनी ज्याच्या नावाने सुपाऱ्या बांधल्या त्याला प्रत्यक्ष भेटायचं. बाबांनी कुलवृत्तांत पिशवीत घेतला होता, ओळखपत्र म्हणून. देवळात गुरुजींनी विचारलं, "कुठले आपण?" या प्रश्नाची घराणं चार पिढ्या वाट बघत होतं. उत्तर तीन अक्षरी होतं, 'इथले'. बाबा म्हणाले, "जबलपूर."

"अरे वा, मराठी छान बोलता!" गुरुजी म्हणाले.

बाबांनी पुस्तक उघडून ती ओळ दाखवली. "हे आम्ही. पुढील माहिती."

गुरुजींनी ओळ वाचली, आमच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि दक्षिणेची रक्कम सांगितली. किनाऱ्यावर बाबा बराच वेळ घुटमळले. समुद्राला घाट नाही, पाय ठेवायला पायरी नाही, याचा त्यांना त्रास होत होता. ग्वारीघाटला कसं, पायरीवर बसायचं, पाय सोडायचे, शेंगदाणे खायचे. महाराजपूरहून आम्ही ग्वारीघाटला जायचो ते पाहुणे आले की किंवा कुणी गेलं की. पण बाबा असं सांगत होते की जणू रोज पहाटे नर्मदेत डुबकी मारूनच ते कचेरीत जात. शेवटी त्यांनी समुद्राला एक सवलत दिली. "नर्मदा शेवटी याच समुद्राला मिळते. तिचं पाणी आपल्या आधी आलंय इथे."

त्या रात्री आम्ही उतरलो होतो तिथे जेवायला सोलकढी होती. वाटी नव्हे, जग भरून. आयुष्यभर जिच्याविषयी फक्त ऐकलं ती हवी तेवढी. बाबांनी एक ग्लास घेतला, छान आहे म्हणाले, आणि यजमानांना हळूच विचारलं, सकाळी पोह्यांबरोबर जिलबी मिळेल का. यजमानांनी पोहे आणि जिलबी हे दोन शब्द एका वाक्यात पहिल्यांदाच ऐकले असावेत.

तेव्हापासून पुण्याच्या फ्लॅटच्या गॅलरीत बाबा संध्याकाळी महाराजपूरचं वर्णन करतात. कडुनिंब, अंगणातली थंडी, गायीची हाक. माझी मुलगी ऐकते. तिने महाराजपूर पाहिलेलं नाही, आणि शाळेतल्या मैत्रिणींना मात्र तिने तिथली भरतीसुद्धा सांगितलीय. आमच्या घराण्यात गाव एक स्टेशन मागेच राहतं. मी स्वतः या भानगडीत नाही, असं मी समजतो. फक्त हिवाळ्यात मंडईत गेलो की माझे कान टवकारतात. परवा एक भाजीवाला ओरडत होता, "जबलपूरचा मटार, गोड मटार!" मी भाव न विचारता पाच किलो तोलायला सांगितला. बायको म्हणाली, सोलणार कोण. मी तिकडे लक्ष दिलं नाही. एक शेंग फोडली, दाणे तोंडात टाकले आणि त्याच्याशी सलगीने हिंदीत बोललो, "जबलपुर में कहाँ का है, बड्डे? पनागर का? सिहोरा का?"

तो तराजूवरून मान न उचलता म्हणाला, "गुलटेकडीचा आहे, साहेब. पिशवी आणलीय का?"