आमचे आत्मनेपद

लक्झेम्बर्गिश भाषेत माणूस नुसता आनंदत नाही, स्वतःला आनंदवतो : ‘एश फ्रेअ मेश’. लाजायचे तर स्वतःला लाजवायचे : ‘एश शुम मेश’. आणि ‘चल, आटप’ म्हणायचे तर ‘तॉमल देश’, म्हणजे पळव स्वतःला. वर्गातले पोर्तुगीज हे ऐकून समजूतदारपणे माना डोलावतात, कारण त्यांच्याकडेही असलेच काहीतरी आहे. मला डोलावून भागेना. माझे संस्कृत जागे झाले.

शाळेत संस्कृत घेतलेल्या माणसाला ‘हे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणायची खाज मरेपर्यंत असते. मी बाईंना थांबवले आणि आत्मनेपद समजावले. मोदते, लज्जते, त्वरते! आनंद, लाज, घाई, तिन्ही आत्मनेपदी. इथे लग्न करणे म्हणजे ‘झेश बेश्टुएदन’. बायको करून घेणाऱ्याला पाणिनीनेही ‘उपयच्छते’ असे आत्मनेपदच दिले आहे.

यज्ञाचे तर सांगायलाच हवे, ते सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागत नाही. पुरोहित दुसऱ्यासाठी होम करतो तेव्हा ‘यजति’; फळ ज्याचे, त्यानेच केला तर ‘यजते’. त्यातूनच ‘यजमान’ आला. म्हणजे सत्यनारायणाला सोवळे सावरत पाटावर बसलेला, गुरुजी म्हणतील तेव्हा पळीभर पाणी सोडणारा आणि मधेच आत वळून ‘गॅस बंद केलास ना?’ असे विचारणारा गृहस्थ आत्मनेपदी. मंत्र म्हणून घसा कोरडा झालेले गुरुजी मात्र परस्मैपदी. पुण्य कोणाच्या खात्यात जमा करायचे हे क्रियापदाच्या शेपटीवर ठरते. बँकेत नोकरी करूनही इतकी स्वच्छ हिशेबपद्धत मी पाहिलेली नाही.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “मग आठवणे?” इथे ते ‘झेश एरेनेरन’. आमच्याकडे स्मरति. चक्क परस्मैपदी. शिवाय बोलणे भाषते, झोपणे शेते, दोन्ही आत्मनेपदी. इथे ती कामे ‘मेश’शिवाय बिनबोभाट होतात. तेवढ्यात तास संपला, नाहीतर मी अपवादांवर बोलणार होतो.

चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. धडा घोकून पावाच्या दुकानात जावे, तर काउंटरवरची मुलगी रोज फ्रान्सहून येणारी. तिला लक्झेम्बर्गिश येत नाही. शेजारच्या तीन देशांतून दररोज दोन लाखांवर माणसे इथे कामाला येतात. १९८४ च्या कायद्याने ही राष्ट्रभाषा झाली, पण कायदे अजून फ्रेंचमध्येच होतात, आणि भर दुपारी शहरात ही भाषा कानावर पडावी म्हणून कान टवकारावे लागतात. मुंबईत रिक्षात बसताच आपणहून हिंदी सुरू करणाऱ्या माझ्यासारख्याला यावर चिडायचा हक्क नाही. तरी चिडतो.

ही भाषा मला भेटते खालच्या मजल्यावरच्या आजींकडे. दार उघडले की ‘झेट्स्ट ईअश’ : बसा. सगळे अहो-जाहोत. हिवाळ्यात त्या पडल्या. त्या दवाखान्यातून घरी आल्यावर मी औषधे घेऊन गेलो, तर काठीने खुर्चीवरचे मांजर हुसकत म्हणाल्या, ‘झेत्स देश.’ बस रे. सर्वनामांचे अख्खे कोष्टक मी पाठ केले होते, पण ‘ईअश’वरून ‘देश’वर यायला माणसाला किती दिवस लागतात ते त्यात कुठे लिहिलेले नव्हते. मला काही बोलता येईना. आजींनीच कॉफी ओतली.

घरी येऊन पाहिले, तर बसणे या अर्थाचा आस् धातू आत्मनेपदी निघाला : आस्ते! पुढच्या तासाला मी पुन्हा हात वर केला. सद् धातूही बसण्याचाच, आणि त्याचे ‘सीदति’ परस्मैपदी आहे, हे वर्गात सांगायची मला गरज वाटली नाही.

इथल्या नागरिकत्वाच्या भाषापरीक्षेत बोलणे ए-२ पातळीचे चालते. ऐकणे मात्र त्याहून वरचे, बी-१ लागते. पाणिनीवर प्रश्न नसतो.